ज्याचा हात चाकावर

डोळे मिटा बरं जरा. मिटलेत? आता असं समजा, की तुम्ही एका लोखंडी डब्यात उभे आहात. घरातलं कपाट थोडं फुगवलं तर जेवढं होईल, तेवढाच तो डबा. समोर जाळीचं सरकतं दार. जाळीतून बाहेर पाहावं तर हातभर अंतरावर विटांची भिंत, बाकी काही नाही. डोक्यावर आत्ता आत्ता एक दिवा होता. तो गेला.

उघडा आता डोळे. तुम्हांला पुन्हा सगळं दिसायला लागलं ना? त्या मुलीचे डोळे मात्र उघडेच होते, आणि तरी तिला काही दिसत नव्हतं.

तिला घरी भिंगरी म्हणत, कारण ती एका जागी म्हणून ठरत नसे. त्या क्षणी मात्र ती अशी थिजली होती, की पाण्याची स्टीलची बाटली जशी छातीशी धरली होती तशीच राहिली. लिफ्ट पाचव्या मजल्यावरून निघाली होती, चौथा मागे पडला होता, आणि तिसरा यायच्या आत दिवे गेले. "बाबा," ती म्हणाली. बाबा तिथे नाहीत हे तिला माहीत होतं. पण भीती वाटली की माणूस आधी हाक मारतो आणि मग विचार करतो.

मग लिफ्ट हलली. कर्र असा आवाज आला, पायाखालची फळी बोटभर सरकली आणि थांबली. खाली नाही, वर. थोड्या वेळाने पुन्हा कर्र, पुन्हा बोटभर.

तुम्ही विचाराल, वीज नाही तर लिफ्ट हलली कशी? तेही खाली सोडून वर? सांगते. पण आधी भिंगरी तिथे आली कशी ते ऐका.

त्या इमारतीत सगळी ऑफिसं होती. पाचव्या मजल्यावर दातांच्या डॉक्टरांचा दवाखाना होता आणि भिंगरीची आई तिथे मदतनीस होती. शनिवारी दुपारी सगळं बंद व्हायचं. आई दातांचे साचे घेऊन पलीकडच्या गल्लीतल्या लॅबमध्ये पोचवायला जायची आणि भिंगरी तळमजल्यावर लिफ्टशेजारी, मिस्त्रींच्या स्टुलापाशी थांबायची. मग बाबा तिला न्यायला यायचे. पण आत येत नसत. रस्त्याच्या पलीकडे उभे राहून हात करीत, आणि ती धावत जायची.

घरात बाकी फारसे नियम नव्हते. हा एक होता: लिफ्टमध्ये पाऊल टाकायचं नाही. का, असं विचारलं की बाबा म्हणत, "जिना काय शोभेला बांधलाय?" आणि वर्तमानपत्र डोळ्यांसमोर धरत.

मिस्त्री म्हणजे ती लिफ्ट सांभाळणारे म्हातारबुवा. उभा जन्म त्यांनी त्या एका यंत्रामागे काढला होता. फार बोलत नसत. भिंगरी त्यांना मिस्त्रीआजोबा म्हणायची, कारण म्हाताऱ्या माणसाला आजोबाच म्हणतात. एकदा त्यांनी तिला एकदम विचारलं होतं, "तुझ्या बाबांची ती दोन बोटं आता मिटतात का गं?" भिंगरी चाटच पडली. बाबांच्या उजव्या हाताची दोन बोटं मिटत नाहीत हे यांना कुणी सांगितलं? तिनं घरी जाऊन विचारलं, तर आईने बाबांकडे पाहिलं, आणि बाबा हातातला घास ताटात ठेवून उठले.

तुम्ही ओळखलंत वाटतं. भिंगरीने नव्हतं ओळखलं.

तर त्या शनिवारी आई साचे घेऊन गेल्यावर भिंगरीच्या लक्षात आलं, की बाटली वर राहिली, दवाखान्याबाहेरच्या बाकावर. पाच मजले चढायचे, पाच उतरायचे. मिस्त्री हात धुवायला मागे गेले होते. लिफ्ट जांभई देत असल्यासारखी उघडी उभी होती. एकदाच, ती स्वतःला म्हणाली. जाताना काही झालं नाही.

*

रस्त्यापलीकडे बाबा येऊन उभे राहिले तेव्हा दुकानांच्या पाट्यांवरचे दिवे एकदम मालवले. त्यांनी स्टुलाकडे पाहिलं. स्टूल रिकामं होतं, शेजारी भिंगरी नव्हती. आणि मग त्यांना हाक ऐकू आली. लिफ्ट ज्या उंच पोकळीतून वरखाली होते तिला डक्ट म्हणतात. डक्टमध्ये आवाज धुराड्यातल्यासारखा घुमतो. ती हाक वरून आली की खालून हेही कळत नव्हतं, पण ती कुणाची हे कळलं.

गाड्या चुकवत ते रस्ता ओलांडून आत आले. ज्या दारातून मिसरूड फुटायच्या वयात ते बाहेर पडले होते, ते दार. मागून ओले हात झटकत मिस्त्री येत होते. दोघे समोरासमोर आले आणि दोघांचेही पाय थांबले.

"कोण आहे आत?" मिस्त्रींनी विचारलं.

"माझी मुलगी."

तेवढ्यात वरून तो आवाज आला. कर्र. मिस्त्रींनी मान वर केली. हातावरचं पाणी कोपरापर्यंत ओघळलं तरी त्यांना भान नव्हतं. "ब्रेक घसरतोय," ते म्हणाले.

"कशानं?"

"तेल गळतंय त्यावर. काल पुसलं होतं मी. सोमवारी उघडणार होतो."

बाबांना बोलायला पुष्कळ होतं. पण ते जिन्याकडे धावले.

तिसऱ्या मजल्यावरच्या जाळीतून वर पाहिलं तर लिफ्टची फळी त्यांच्या कपाळापेक्षा उंच होती, आणि तिच्या कडेला भिंगरीचे बूट दिसत होते. अगदी कडेला. तिने आतलं दार वीतभर सरकवलं होतं. लिफ्टची फळी आणि मजल्याची जमीन यांच्यामध्ये डक्टचा काळा खड्डा सरळ तळापर्यंत होता.

"बाबा, मी उडी मारू? पाय पोचतील माझे."

बाबांनी तोंड उघडलं, पण घशातून आवाजच फुटेना. हे असंही होतं बरं का. मोठ्या माणसांचंही होतं.

मागून धापा टाकत मिस्त्री आले. त्यांचा श्वास लागला होता, पण आवाज रोजचाच होता, पेन्सिल मागावी तसा. "भिंगरे, ते दार ओढून घे आधी. पूर्ण. कडी वाजेस्तोवर."

खडखड झाली. कडी वाजली.

"शाब्बास. हातात काय आहे तुझ्या?"

"बाटली."

"स्टीलची का? झकास. आता खाली बस. पाठ मागच्या पत्र्याला लाव, आणि बाटलीनं फळीवर ठोक."

टण्, असा आवाज आला.

"हे बघ, आम्ही दोघं वर गच्चीवर जातो, मशीनपाशी. तिथं तुझं बोलणं आम्हाला समजायचं नाही, पण ठोकलेलं ऐकू येतं. तू ठोकत राहिलीस की आम्ही समजणार, तू खाली बसलीयेस आणि दार बंद आहे. मग आम्ही चाक सोडणार. तू थांबलीस की आम्ही थांबणार. आलं ध्यानात?"

"आणि मला झोप आली तर?"

"तर झोपेत ठोक."

अंधारात ती हसली असावी. पण लगेच लिफ्ट पुन्हा बोटभर वर सरकली आणि तिचे बूट दिसेनासे झाले. "बाबा, तुम्ही जाऊ नका ना."

"मी जात नाहीये," बाबांना शेवटी आवाज सापडला. "वर जाऊन तुला धरणार आहे. इथून मला धरता येत नाही, बाळा."

*

जिना चढता चढता तुमच्या प्रश्नाचं उत्तर देऊन टाकते. पुष्कळांना वाटतं, ब्रेक सुटला की लिफ्ट दगडासारखी खाली जाते. तसं नसतं. लिफ्ट हा एक तराजू आहे. एका पारड्यात माणसांचा डबा, दुसऱ्या पारड्यात लोखंडाची वजनं, आणि दोन्हींना बांधलेले दोर गच्चीवरच्या मोठ्या कप्पीवरून गेलेले. डब्यात माणसं गच्च भरली तर डबा जड. पण आत एकटं पोर असेल तर वजनं जड होतात आणि डब्याला वर खेचतात. ब्रेक पुरता सुटला असता तर भिंगरी वर गेली असती, वेगाने, थेट छतापर्यंत. पुढचं सांगत नाही. जिना चढणाऱ्या दोघांना ते माहीत होतं, तेवढं पुरे.

दोघांना कसं माहीत? कारण भिंगरीचे बाबा लहानपणी याच गच्चीवर वाढले होते. शाळा सुटली की ते वडिलांच्या, म्हणजे याच मिस्त्रींच्या, हाताखाली इथे असत. सगळी इमारत त्यांना छोटे मिस्त्री म्हणायची.

वीज गेली आणि कुणी अडकलं, तर गच्चीवरच्या मशीनला एक लोखंडी चाक असतं, ते हाताने फिरवून लिफ्ट जवळच्या मजल्यावर आणायची. हे दोघांचं काम आहे. एकजण दांडा ओढून ब्रेक उघडतो, दुसरा चाक धरून ते हळूहळू सोडतो. पण चाकावर हात असताना वीज परत आली आणि मोटर सुरू झाली, तर ते चाक हातासकट फिरतं. म्हणून या कामातल्या जुन्या माणसांनी एक नियम घालून दिला होता: ज्याचा हात चाकावर, फ्यूज त्याच्या खिशात. मेनच्या पेटीतले चिनीमातीचे फ्यूज आधी उपटायचे, खिशात घालायचे, मगच चाकाला शिवायचं. म्हणजे दुसऱ्या कुणाच्या चुकीने आपला हात जायला नको.

अशीच एकदा वीज गेली होती. आत एक मोठे साहेब अडकले होते आणि मिस्त्रींच्या नावाने ओरडत होते. छोटे मिस्त्री फ्यूज काढायला पेटीकडे वळले, तर वडील म्हणाले, राहू दे रे, एवढ्यात कुठली येतेय वीज, धर चाक. पोराने धरलं. वीज आली.

पोराला इस्पितळातून परत आणल्यावर इमारतीची माणसं जमली आणि मिस्त्रींना विचारू लागली, असं कसं झालं? मिस्त्री म्हणाले, "नियम त्याला माहीत होता." हे खोटं नव्हतं. पोराने पट्टी बांधलेला हात धरून वडिलांकडे पाहिलं. पुढचं वाक्य ते आत्ता बोलतील, आत्ता बोलतील, म्हणून तो वाट पाहत राहिला. ते वाक्य आलं नाही. सगळ्यांनी मान डोलावली, नव्या पोरांना घाईच फार, असं कुणीतरी म्हणालं. दुसऱ्या दिवशी पोरगा मामाकडे गेला, तो परत घरी राहायला आला नाही. आता तो एका रंगाच्या दुकानात रंग कालवून देत असे. जमिनीवरचं काम. काहीही वरखाली न होणारं.

त्याच्या बायकोला या इमारतीत काम मिळालं तेव्हा ती एवढंच म्हणाली होती, "तिथला मिस्त्री कोण आहे ते मला ठाऊक आहे. मी दातांचं काम करायला जातेय, लिफ्टचं नाही."

*

मशीनच्या खोलीत पोचले तेव्हा छोट्या खिडकीतून येणारा उजेड तेवढा होता. जमिनीला भोकं होती, त्यांतून दोर खाली उतरले होते, आणि त्याच भोकांतून आवाज येत होता. टण्. टण्. टण्.

मिस्त्री वाकून ब्रेककडे पाहू लागले. पट्ट्यावर तेल चमकत होतं. दोर थरथरले, कर्र झालं, मोठी कप्पी बोटभर फिरली. या वेळी बोटभरापेक्षा जरा जास्तच.

बाबा चाकासमोर उभे राहिले. मिस्त्रींच्या हातांत आता तेवढा जोर उरला नव्हता, चाक बाबांनाच धरावं लागणार, हे न बोलता ठरलं होतं. चाक तेच होतं. कडेचा रंग उडाला होता, तिथे लोखंड उघडं पडलं होतं. बाबांनी हात पुढे केला. हात अर्ध्यावर थांबला. पुढे जाईना. खाली त्यांची मुलगी होती, आणि त्यांचा स्वतःचा हात त्यांचं ऐकत नव्हता. तळव्याला घाम आला होता, पँटला पुसला तरी पुन्हा येत होता.

मिस्त्री उठले. पेटीपाशी गेले, मेन खाली ओढला आणि एकेक करून तिन्ही फ्यूज उपटले. मग ते मुलाजवळ आले आणि ते फ्यूज त्यांनी त्याच्या शर्टाच्या खिशात घातले. लहान मुलाच्या खिशात रुमाल कोंबावा तसे. खिसा वजनाने खाली ओढला गेला.

"त्या दिवशी 'राहू दे' मी म्हणालो होतो," मिस्त्री म्हणाले.

मुलगा चाकाकडेच पाहत होता.

"लोक विचारत होते तेव्हा मला नोकरी दिसत होती रे डोळ्यांपुढं. तू दिसत नव्हतास."

खालून आवाज येतच होता. टण्. टण्.

"ब्रेक बघा," मुलगा म्हणाला, आणि त्याने चाक धरलं.

मिस्त्रींनी दांड्यावर दोन्ही हात ठेवले. "धरलंस?"

"धरलं."

दांडा हळूच ओढला गेला आणि चाकाने हिसका दिला. पलीकडची वजनं सगळी मिळून खेचत होती. बाबांनी पाय रोवले आणि चाक हातांतून वळू दिलं, थोडं थोडं, अडवत अडवत. भरल्या विहिरीतून बादली ओढण्यापेक्षा हे उलटं होतं. इथे बादलीच तुम्हांला ओढत होती.

"दोरावरची खूण दिसली की सांग," मिस्त्री म्हणाले. "मला आता तेवढं दिसत नाही."

दोरांवर प्रत्येक मजल्यासाठी एक खूण असते. ती जमिनीशी आली की समजायचं, लिफ्ट मजल्याला लागली. त्या खुणा बाबांनीच लहानपणी केल्या होत्या, आपल्या आईच्या लाल नेलपॉलिशने, आणि त्यासाठी आईकडून धपाटाही खाल्ला होता. एव्हाना त्या कधीच पुसून जायला हव्या होत्या. पण अंधारातून दोर वर आला तेव्हा त्याच्यावर लाल रेघ होती, ताजी, चकचकीत. त्याच रेघेवरून कुणीतरी पुन्हा पुन्हा रंग फिरवत आलं होतं. थर चढून चढून रेघ जाड झाली होती. आईला जाऊन किती वर्षं झाली, नेलपॉलिशची ती बाटली म्हातारा कुठून आणत होता कोण जाणे.

"दिसली," बाबा म्हणाले. "अजून हातभर आहे."

आणि खोलीतला बल्ब लागला.

वीज आली होती. बाबांचं सगळं अंग आक्रसलं, मान खांद्यांत गेली, डोळे गच्च मिटले. त्यांना तो दिवस आठवला नाही, तर तो दिवस त्यांच्या हातात आला. पण चाक होतं तसंच होतं. मोटर गप्प होती. खिशात चिनीमाती चिनीमातीवर किणकिणली, तेवढीच.

त्यांनी श्वास सोडला. आणि तेव्हा दोघांच्याही एकदमच लक्षात आलं, की खालून आवाज येत नाहीये.

लिफ्टमधला दिवा जिन्याच्या दिव्यांबरोबर लागतो, त्याला मशीनचे फ्यूज लागत नाहीत. भिंगरीच्या डोक्यावर लख्ख उजेड पडला होता. तिला वाटलं, सुटले. ती उठून उभी राहिली होती आणि तिचा हात दाराच्या कडीवर होता. समोर, जाळीच्या बाहेर, चौथ्या मजल्याची जमीन हातभर वर दिसत होती. चढून जाण्याइतकी जवळ.

वर दोघांना यातलं काहीच दिसत नव्हतं. त्यांच्यापुढे फक्त ती शांतता होती.

"थांब, थांब," म्हणत मिस्त्रींनी दांडा सोडला. ब्रेक मिटला, पण तेलाने तो चाक पुरतं धरेना. सगळा भार बाबांच्या हातांवर आला. ती चढत असताना लिफ्ट हलली तर काय होईल हे त्यांना ठाऊक होतं. मिटत नसलेल्या दोन बोटांशी चाक घसरायला लागलं. हाक मारावी म्हटलं तर छातीतला श्वास सोडावा लागला असता, आणि श्वासाबरोबर पकडही गेली असती. ते दात आवळून उभे राहिले.

मिस्त्री गुडघ्यांवर बसले, मग हातांवर, आणि दोराच्या भोकाशी तोंड नेऊन त्यांनी हाक मारली. भिंगरे, बस गं खाली. बस गं बाळ. खालून उत्तर नाही. पुन्हा हाक मारताना त्यांचा आवाज चिरकला. पेन्सिल मागणारा आवाज आता कुठेच नव्हता.

चाक नखभर सरकलं.

मिस्त्री उठले ते धडपडत चाकाशी आले, आणि त्यांनी आपले दोन्ही हात मुलाच्या हातांवर ठेवले. त्या दोन बोटांवरून आपली बोटं आवळली, म्हणजे तीही मिटली. चाक थांबलं. दोघांचे खांदे एकमेकांना टेकले होते.  

किती वेळ गेला? घड्याळात पाहिलं तर फार नसेल.

टण्.

दोघेही हलले नाहीत.

टण्. टण्. टण्.

भिंगरीने पुढे आईला सांगितलं, की कडी काढता काढता तिच्या ध्यानात आलं, लिफ्टही थांबलीये. ती थांबली, आणि लिफ्ट थांबली. म्हणजे वर कुणीतरी खरोखरच तिचं ऐकत होतं. मग तिने कडी पुन्हा लावली आणि ती होती तिथे जाऊन बसली.

"धरलंस?" मिस्त्रींनी विचारलं. ते दांड्याकडे परत गेले होते.

"धरलं."

लाल रेघ जमिनीशी आली. बाबांनी चाक अडवलं, एका हाताने कमरेचा पट्टा सोडवला आणि चाक मशीनच्या पायाला जखडून टाकलं. मिस्त्रींनी वर आपला भार दिला. "जा तू. मी आहे."

बाबा धावले. पट्टा चाकाला, पँट एका हाताने धरलेली, अशा थाटात ते चौथ्या मजल्यावर पोचले. त्यांनी दार सरकवलं. लिफ्टची फळी आणि मजल्याची जमीन एका रेषेत होती. भिंगरी कोपऱ्यात बसून अजून ठोकतच होती. तिने त्यांच्याकडे पाहिलं, मग त्यांच्या पँटकडे पाहिलं, आणि मग तिला रडू फुटलं.

*

मिस्त्रींनी वजनांचा दोर अडकवून टाकला, लिफ्ट पक्की जखडली, आणि दारावर बंदची पाटी लावायला ते खाली उतरू लागले. त्यांच्या हातात बाबांचा पट्टा होता. जिना उतरताना ते कठड्याला धरून होते.

बाबा आणि भिंगरी पुढे गेले होते. तिसऱ्या मजल्याच्या खाली, जिना वळतो तिथे, बाबांच्या खिशात काहीतरी किणकिणलं आणि ते थांबले. फ्यूज. त्यांनी मागे पाहिलं. मिस्त्री वरच्या वळणावर उभे होते.

बाबांनी फ्यूज खिशातून काढून हात पुढे केला. पण मध्ये अख्खा जिना होता.

"राहू देत तुझ्याकडं," मिस्त्री म्हणाले. "सोमवारी ब्रेक उघडायचाय. एकट्याचं काम नाही ते."

बाबा फ्यूजकडे पाहत राहिले. "सोमवारी दुकान असतं," ते म्हणाले.

"हं. असणारच."

 मिस्त्री पट्टा द्यायला खाली येईनात, आणि बाबा तो घ्यायला वर जाईनात. बाबांचा एक हात पँटला होता, दुसऱ्यात फ्यूज. मिस्त्रींचा एक हात कठड्याला होता. खाली रस्त्यावर दुकानांच्या पाट्या पुन्हा लागल्या होत्या, गाड्या वाजत होत्या, आणि जिन्यात मात्र कुणाचा पाय पुढे पडत नव्हता.

भिंगरीने खाली बाबांकडे पाहिलं. वर मिस्त्रीआजोबांकडे पाहिलं. एकाची दोन बोटं, त्या बोटांबद्दलचा दुसऱ्याचा तो प्रश्न, ताटात ठेवलेला घास, सगळं तिच्या डोक्यात कुठेतरी एकमेकांना लागलं असावं.  ती चढून जिन्याच्या बरोबर मध्यावर गेली, दोघांच्या मधल्या पायरीवर बसली, पाठ भिंतीला लावली आणि बाटली पायरीवर ठोकायला लागली.

टण्. टण्. टण्.